हरवलेल्या चित्राची प्रिंट: फ्रांझ मार्कचे निळे घोडे (रंगाबद्दल मदत हवी आहे)

अपर्णा_नि

नमस्कार मंडळी. प्रश्न एका प्रिंटमधल्या निळ्या रंगाचा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

माझे बाबा चित्रकलेचे शिक्षक. वाईजवळच्या एका हायस्कुलात त्यांची सगळी नोकरी गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांच्या कागदांचे गठ्ठे आणि पोस्टर कलरच्या बाटल्या यांतच आम्ही भावंडं वाढलो. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने जर्मनीहून येताना भिंतीवरचं कॅलेंडर आणलं होतं. वर्ष सरल्यावर बाबांनी त्यातलं एक पान ब्लेडने कापून घेतलं, फ्रेम केलं आणि बाहेरच्या खोलीत घड्याळाशेजारी लावलं. एकामागे एक, एकावर एक चढत गेलेले चार निळे घोडे. चौघांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. पुढच्याच्या छातीवर चंद्रकोर, वर इंद्रधनुष्याची कमान. पाढे म्हणताना माझी नजर त्या चंद्रकोरीवर असायची.

चाळीस वर्षांत ते पान विटलं. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पसरला. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांना नवीन प्रिंट करून द्यावी म्हणून मी ऑनलाइन एक ‘फाइन आर्ट प्रिंट’ मागवली. कागद जाड, छपाई स्वच्छ, पण घोडे जांभळे. बाबांच्या पानातले घोडे मोरपिशी रंगाकडे झुकलेले. दोन्ही शेजारी ठेवली तर एकाच चित्राच्या प्रती आहेत असं म्हणवत नाही. शिवाय नव्या प्रिंटमध्ये वरचं इंद्रधनुष्य कापलं गेलंय.

म्हटलं, मूळ चित्र ज्या संग्रहालयात असेल त्यांचा फोटो प्रमाण मानू. तेव्हा कळलं की मूळ चित्र कुठेच नाही!

‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ हे चित्र जर्मन चित्रकार फ्रांझ मार्कने १९१३ मध्ये रंगवलं. तैलरंग, २०० सेंटिमीटर उंच, १३० रुंद, म्हणजे उभ्या माणसापेक्षा मोठं. १९१६ मध्ये मार्क पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या व्हर्दंच्या लढाईत मारला गेला, वय ३६. १९१९ मध्ये बर्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने हे चित्र विकत घेतलं. पुढे नाझी आले. १९३७ मध्ये त्यांनी देशभरातल्या संग्रहालयांतून आधुनिक चित्रं जप्त केली आणि म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं, लोकांनी येऊन थुंकावं म्हणून. त्यात हे घोडेही टांगले होते. तेव्हा माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली की मार्क देशासाठी रणांगणावर पडला आहे, त्याची अशी विटंबना चालणार नाही. चित्र प्रदर्शनातून काढलं गेलं आणि नंतर हिटलरचा सहकारी गोअरिंग याने ते स्वतःकडे घेतलं. युद्ध संपलं आणि चित्राचा मागच पुसला गेला. नंतर दोघा जणांनी ते बर्लिनच्या त्सेलेनडोर्फ भागात पाहिल्याचं सांगितलं, एकाने १९४५ मध्ये, दुसऱ्याने १९४८-४९ च्या सुमारास. हाती मात्र काहीच लागलं नाही. जळालं, फाटलं की कुणाच्या तळघरात आहे, काही सांगता येत नाही.

म्हणजे आज जगात या चित्राची जी जी प्रिंट आहे, ती चित्र हरवण्याआधी घेतलेल्या जुन्या रंगीत प्रतींवरून आलेली. कुणाचीच मूळ चित्राशी ताडून बघता येत नाही. हे कळल्यापासून ते डाग पडलेलं पान टाकून द्यायला माझा हात होत नाही.

तर विचारायचं असं की कोणता निळा खरा धरू? आणि नव्याने छापून घ्यायची तर कुठला कागद, कोणता आकार?

खिळे_आणि_ठसे

अपर्णाताई, माझा छपाईचा धंदा आहे, आधी ऑफसेट, गेली बारा वर्षं डिजिटल आर्ट प्रिंट. सरळ सांगतो, तुमच्याकडचे दोन्ही निळे खोटे आहेत.

जुनं पान आधी घेऊ. ते ऑफसेटवर चार शाईंत छापलेलं असणार: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. उजेडात पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात. सायन आणि काळा टिकून राहतात. लग्नाच्या हॉलबाहेरची, सलूनमधली जुनी पोस्टरं आठवा, सगळ्यांचे चेहरे निळसर पडलेले असतात. तुमच्या घोड्यांतला मॅजेंटा चाळीस वर्षांत उडाला, म्हणून ते मोरपिशी दिसतात. मुळात ते तसे नव्हते.

आता नवीन प्रिंट. स्क्रीनवरचा गडद निळा शाईत आणताना नेहमी जांभळ्याकडे घसरतो. निळा म्हणजे सायन अधिक मॅजेंटा, आणि मॅजेंटा जरा चढला की झालं जांभूळ. फाइल आली तशी मशीनला दिली, प्रूफ काढून पाहिलं नाही, की असंच होतं. आमच्या धंद्यात निळ्याइतका दगा कुठलाच रंग देत नाही.

कागद कॉटन रॅग घ्या, म्हणजे कापसाच्या लगद्याचा, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) आसपासचा, मॅट. शाई पिगमेंटचीच (बारीक रंगकणांची) हवी, डायची (विरघळलेल्या रंगाची) नको. डायची शाई दिसायला झकपक असते, पण आपल्याकडच्या उन्हात तग धरत नाही. ग्लॉसी कागदावर तैलचित्र छापू नका, समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब तेवढं दिसत राहतं.

आकाराचं गणित सोपं आहे. मूळ २०० बाय १३०, म्हणजे उंची रुंदीच्या साधारण दीडपट. बाजारातली १६ बाय २० इंची फ्रेम सव्वापट. त्यात बसवायचं तर वरचं किंवा खालचं कापावंच लागतं. तुमचं इंद्रधनुष्य तिथेच गेलं. २० बाय ३० इंच करून घ्या, जवळजवळ बरोबर बसेल. उरेल ती बारीक पट्टी पांढरी सोडायला सांगा, पण चित्राला कात्री लावू देऊ नका.

रेवा

फार सुंदर लिहिलंय. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, म्हणून विचारते. घोडे निळेच का? मार्कसारखे एक्स्प्रेशनिस्ट (म्हणजे दिसतं तसं नाही, मनातली भावना रंगवणारे) चित्रकार मनाला येईल तो रंग लावायचे का?

इसारकाठी

रेवा, मनाला येईल तो नाही. उलट मार्कसारखा रंगाचा हिशेब ठेवणारा माणूस विरळा. (मी म्युनिकमध्ये राहते, इसार नदी घराजवळून जाते.)

डिसेंबर १९१० मध्ये त्याने आपला चित्रकार मित्र आउगुस्ट माके याला एक पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की निळा हे पुरुषतत्त्व, कठोर आणि आत्मिक. पिवळा हे स्त्रीतत्त्व, सौम्य, आनंदी. आणि लाल म्हणजे जडद्रव्य, जड आणि आडदांड, ज्याच्याशी बाकीच्या दोघांना झुंजावं लागतं. पुरुष-स्त्री ही वाटणी आज आपल्याला पटणार नाही, मलाही पटत नाही. पण घोड्याचं कातडं कोणत्या रंगाचं आहे ते त्याला सांगायचंच नव्हतं, हे त्यातून कळतं. घोडा स्वतः जगाकडे कसा बघत असेल, हा त्याचा ध्यास होता. माणसाचा त्याला कंटाळा आला होता, जनावरांत त्याला काहीतरी निर्मळ सापडत होतं.

आणि हे सगळं हवेतलं नव्हतं. तो चित्रकारांना प्राण्यांचं शरीरशास्त्र शिकवायचा. हाडं, स्नायू, सांधे पाठ होते त्याला. ‘मनोऱ्या’तल्या पुढच्या घोड्याचे पुठ्ठे बघा, गोल गरगरीत आकार आहेत, पण वजन कुठल्या पायावर आहे ते लगेच कळतं.

१९११ मध्ये रशियन चित्रकार कांडिन्स्की आणि मार्कने मिळून ‘ब्लाउअ रायटर’, म्हणजे ‘निळा घोडेस्वार’, हा गट काढला. त्याच डिसेंबरात म्युनिकच्या थानहाउझर गॅलरीत पहिलं प्रदर्शन भरलं. मार्क राहायचा इथून दक्षिणेला, झिंडेल्सडोर्फ नावाच्या खेड्यात. मी त्या बाजूला जाते. अजूनही कुरणं आहेत, मागे आल्प्सच्या रांगा, पाऊस पडून गेला की डोंगर खरोखर निळे दिसतात.

अपर्णा, तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. तेलचित्र हरवलं, पण त्याचं बी इथे म्युनिकमध्ये आहे. १९१३ च्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा म्हणून मार्कने कवयित्री एल्झं लास्कर-श्युलर हिला स्वतः रंगवलेलं पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर हाच मनोरा आहे. कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, तळहातावर मावेल एवढं. चंद्रकोर आणि चांदण्या या तिच्या स्वतःच्या खुणा, तिच्या पत्रांत आणि चित्रांत सतत येणाऱ्या. तुझ्या पाढ्यांवरची ती चंद्रकोर एका कवयित्रीसाठी काढलेली आहे.

देवराई

पटत नाही म्हणून लिहितो, राग मानू नये. प्रिंटवर एवढा जीव का टाकायचा? शेवटी ती छापील प्रत. मशीनमधून अशा हजार निघतात. तेवढ्याच पैशांत एखाद्या नव्या, आपल्याकडच्या चित्रकाराचं मूळ काम घ्या. त्याच्या घरी चूल पेटेल आणि तुमच्या भिंतीवर हाताने केलेलं काहीतरी येईल. माझा भाऊ चित्रं काढतो, म्हणून हे जवळून बघतोय. लोक हजारो रुपयांची फ्रेम करतात, आत काय, तर डाउनलोड केलेलं चित्र.

मळवली

देवराई, तुमच्या भावाबद्दलची कळकळ समजते, आणि नव्या चित्रकाराचं काम विकत घ्यावं हे शंभर टक्के मान्य. पण ‘शेवटी छापील प्रत’ हे आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी तरी म्हणू नये.

मी मळवलीचा. आमच्या गावात रविवर्मांचा छापखाना होता. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि काही वर्षांनी मळवलीला आला. दगडावर चित्र उतरवून, एकेका रंगाला एकेक दगड वापरून ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या प्रिंट, निघायचे. पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानेच विकत घेतला. लक्ष्मी, सरस्वती कशा दिसतात हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी दाखवलं? मूळ तैलचित्रं राजवाड्यांत होती. घराघरांत गेली ती प्रिंट. त्या प्रिंटला कुंकू लावलं, हळद लावली, जरीचे तुकडे चिकटवले. ती नक्कल आहे असं कुणाला वाटलं नाही.

दुसरं. एक्स्प्रेशनिझम मुंबईत आला तोही बराचसा छापील कागदावरून. हिटलरच्या तडाख्यातून सुटून वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियन चित्रकार मुंबईत आले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. बर्लिनचे रुडॉल्फ फॉन लायडन समीक्षा लिहीत, व्हिएन्नाचे श्लेसिंजर चित्रं विकत घेत. लँगहॅमरांच्या घरी रझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे ही तरुण मंडळी जमत आणि युरोपातल्या चित्रांच्या प्रती बघत, त्यावर बोलत. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमागे, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटामागे, या घराचा मोठा हात आहे. त्या पोरांना युरोपची मूळ चित्रं बघायला मिळणार कुठे? छापलेली बघितली आणि पुढे काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

ज्या राजवटीने मार्कचे घोडे भिंतीवरून उतरवले, तिच्याच भीतीने ही माणसं आपल्याकडे आली. मला हा धागा वाचताना तेच आठवत राहिलं.

देवराई

मळवली, हे माहीत नव्हतं. लक्ष्मीच्या प्रिंटचा मुद्दा मनात राहील. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात तशीच एक होती. अपर्णाताई, तुमच्या चित्राचं मूळच उरलेलं नाही, तेव्हा माझा आक्षेप तिथे लागू होत नाही, हेही खरं.

मिनेसोटावासी

मी मिनिआपोलिसला असतो. इथल्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये मार्कचं ‘मोठे निळे घोडे’ आहे, १९११ चं, मूळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर बराच वेळ उभा होतो. फोटोत कधी न दिसलेली एक गोष्ट लिहितो: निळा एक नाहीच. घोड्याच्या मानेच्या वळणावर तो जवळजवळ काळा होतो, पाठीच्या उंचवट्यावर पांढुरका, आणि कडेला जिथे मागची लाल टेकडी येऊन भिडते तिथे किंचित जांभळा. ब्रशचे फटकारे गोलाईबरोबर वळत जातात. प्रिंटमध्ये हे सगळं सपाट होऊन एकच निळा उरतो, म्हणून तो चुकला की सगळं चित्र चुकतं.

तेव्हा ‘कोणता निळा’ विचारण्याआधी प्रिंटमध्ये किती निळे वेगवेगळे दिसतात ते मोजा. जास्त दिसतील ती चांगली.

खिळे_आणि_ठसे

वा, लाख बोललात. आमच्याकडे हे तपासायला नुसता डोळाच लागतो. सावलीचा भाग आणि उजेडाचा भाग यांत फरक राहिला पाहिजे. कॉन्ट्रास्ट वाढवून ‘उठावदार’ केलेली फाइल असली की आधी सावल्या मरतात.

पुनर्वसू

छापील प्रतीबद्दल चाललंय तर मार्कच्याच आयुष्यातली एक गोष्ट सांगते. मला ती वाचल्यापासून विसरता आलेली नाही.

१९१३ मध्येच त्याने ‘प्राण्यांचं प्राक्तन’ हे मोठं चित्र केलं. जंगल कोसळतंय, तिरक्या धारदार रेषा चित्र कापत जातात, मधोमध एक निळं हरिण मान वर करून उभं. दोन वर्षांनी तो फ्रान्समध्ये आघाडीवर होता. बेर्नहार्ड क्योलर या त्याच्या पाठीराख्या संग्राहकाने त्याला या चित्राचं छापील पोस्टकार्ड पाठवलं. ते बघून मार्क हादरला. त्याने बायकोला, मारियाला, लिहिलं की ही जणू या युद्धाची आधीच लागलेली चाहूल आहे, भयंकर आणि हलवून टाकणारी, आणि आपण हे रंगवलंय यावर विश्वास बसत नाही.

चित्रकाराला स्वतःचं चित्र कळलं ते पोस्टकार्डाच्या प्रतीवरून, खंदकांच्या मुलखात. माके तर आधीच, सप्टेंबर १९१४ मध्ये, २७ व्या वर्षी गेला होता. ४ मार्च १९१६ ला मार्क टेहळणीसाठी घोड्यावरून निघाला आणि तोफगोळ्याचे तुकडे लागून गेला. नामवंत कलावंतांना लढाईतून परत बोलवायचं ठरलं होतं, त्यात त्याचंही नाव होतं. तो हुकूम त्याच्यापर्यंत पोचला नाही.

त्याच वर्षी ‘प्राण्यांचं प्राक्तन’ गोदामाच्या आगीत सापडलं, उजवीकडचा सुमारे तिसरा हिस्सा खराब झाला. चित्रकार पॉल क्ले मार्कचा मित्र, त्याने १९१९ मध्ये तो भाग दुरुस्त केला. चित्र आज स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला आहे. क्लेने केलेला भाग तपकिरी आहे, बघताक्षणी वेगळा कळतो. मला ते फार प्रामाणिक वाटतं. मित्राचा रंग त्याच्याजवळ नव्हता, आणि तो आहे असं त्याने भासवलंही नाही.

अपर्णा_नि

सगळ्यांचे मनापासून आभार. पुनर्वसू, ते पोस्टकार्डाचं वाचून मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता काय केलं ते लिहिते. इसारकाठीने म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात जाऊन ‘निळा घोडा एक’ (१९११) समोर उभं राहून बघितला, तिथल्या दुकानातून त्याची छापील प्रत घेतली, मूळ आणि प्रत यांत काय फरक पडतो ते कागदावर लिहून ती प्रत मला पाठवली. तिच्या टिपणात आहे: ‘मूळ निळा प्रतीपेक्षा थंड, खुराजवळ जास्त गडद, मानेवर पांढऱ्यात मिसळलेला.’ अंदाज असा की त्याच माणसाने दोन वर्षांत आपला निळा अगदी पालटला नसेल. ‘मनोऱ्या’चा खरा रंग यातून मिळत नाही, हे मला माहीत आहे. पण निदान मार्कचा हात कुठला निळा उचलायचा ते समजतं.

मग इथल्याच एका छपाईवाल्याकडून (खिळे_आणि_ठसे यांनी सांगितलेले प्रश्न विचारून) पाच पट्ट्या छापून घेतल्या. प्रत्येकीवर घोड्याची मान आणि छातीवरची चंद्रकोर एवढाच भाग, मॅजेंटा थोडाथोडा कमी करत नेलेला. पट्ट्या दुपारी खिडकीशी नेऊन बघितल्या, रात्री ट्यूबलाइटखाली बघितल्या. रात्री दोन नंबरची चांगली वाटते, दिवसा तीनची.

खिळे_आणि_ठसे

दिवसाचं धरा. आणि फ्रेम करताना तीन गोष्टी. काच कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. माउंट अ‍ॅसिड-फ्री मागा. मागे साधा हार्डबोर्ड लावला तर पाचसहा वर्षांत कागद कडेने पिवळा पडतो, म्हणून मधे एक चांगला कागद घाला. मागची बाजू टेपने पूर्ण बंद करा, कसर आत शिरते ती तिथूनच.

बाहेरच्या भिंतीवर लावू नका. ओल परत येईल.

अपर्णा_नि

एक राहिलं. जुनं पान नव्या प्रिंटच्या मागे, त्याच फ्रेममध्ये ठेवावं असं मनात होतं. चालेल?

खिळे_आणि_ठसे

नको ताई. जुन्या कागदातलं अ‍ॅसिड आणि तो ओलीचा डाग, दोन्ही नव्यात उतरतील. पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून सपाट ठेवा, कपाटात, अंधारात. गुंडाळू नका.

रेवा

बाबांनी कोणती पट्टी निवडली?

अपर्णा_नि

रेवा, तेच लिहायला आले.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. डावा अजून व्हायचा आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की वयाने भिंग पिवळट होतं आणि निळा उजेड अडवतं, ऑपरेशननंतर निळा जास्त ठळक दिसेल. पाचही पट्ट्या मी टेबलावर मांडल्या. शेजारी जुनं पान. बाबांनी तळहाताने डावा डोळा झाकला, एकेक पट्टी बघितली. मग उजवा झाकला, परत पहिल्यापासून बघितल्या. असं चार-पाच वेळा केलं. म्हणाले, “डाव्याने बघितलं की सगळ्यांवर चहा सांडलाय. इतकी वर्षं मी हे चहातून बघत होतो.”

मग उजव्या डोळ्याने तीन नंबरची उचलली. अगदी चष्म्याजवळ नेऊन चंद्रकोरीच्या कडेचा निळा बघत राहिले.

तीन नंबरची २० बाय ३० छापून आली आहे, फ्रेमही झाली. मी परवा खिळा ठोकायला ड्रिल मागवलं तर म्हणाले, थांब. डावा डोळा पुढच्या गुरुवारी आहे. तोपर्यंत फ्रेम आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे, उन्हापासून लांब.